खळ, आयोडीन आणि एक बेवारस नाक

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बीएस्सी झाले, रसायनशास्त्र घेऊन झाले, आणि हे मी आजही कुणी न विचारता सांगते. पण त्या पदवीचा पहिला खरा उपयोग झाला तो एका मेलेल्या माणसाच्या नाकासाठी, हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत. सत्तरच्या दशकाच्या त्या शेवटच्या वर्षांत मी जे पाहिलं, ते आठवलं की आजही हातातलं काम बाजूला राहतं.

आधी आबांचं सांगते, कारण माझ्यापुरतं सगळं त्यांच्यापासून सुरू झालं.

आबा म्हणजे माझे वडील. आम्ही मूळचे सांगोल्याकडचे. मी तिसरीत असताना सोलापुरात आलो आणि पूर्व भागातल्या एका सायझिंगच्या कारखान्यात आबा खळ शिजवायला लागले. सूत मागावर चढवायच्या आधी त्याला खळ पाजतात, म्हणजे धागा ताठ होतो, तुटत नाही. मैदा, चिंचोक्याची पूड, थोडं तेल, असं मोठ्या कढईत रटरटत ठेवायचं. ऐकायला स्वयंपाकासारखं वाटतं, आणि होतंही तसंच. पण आमच्याकडचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहे. सकाळी शिजवलेली खळ दुपार कलायच्या आत आंबायला लागते. नुकतीच आंबू लागलेली खळ डोळ्यांना कळत नाही, बोटांना कळत नाही, आधी कळते ती नाकालाच. तसल्या खळीचं सूत पुढे मागावर तटातट तुटतं, आणि त्यातून चादर झालीच तर ती घडीतच बुरशी धरते. म्हणून खळीवरचा माणूस म्हणजे नाकाचा माणूस. आबा पळी उचलून नाकाशी न्यायचे, डोळे मिटायचे, आणि "चालू द्या" नाहीतर "वता भाईर" एवढंच म्हणायचे. त्यांच्या शब्दावर अख्खी कढई गटारात जायची. मालकसुद्धा मध्ये बोलत नसत.

त्या आबांचं नाक बंद झालं. पिठाच्या धुळीनं म्हणा, जन्मभराच्या तपकिरीनं म्हणा. आधी सारखी सर्दी, मग नाकात मांस वाढलं. दवाखान्यात एकदा काढलं, तर वर्ष-दीड वर्षात ते पुन्हा तिथंच. त्या काढण्याची आबांनी इतकी धास्ती घेतली होती, की 'पुन्हा ऑपरेशन' हा शब्द कुणी काढला की ते चपला घालून बाहेर जायचे. तपकीर सोडली. तरी वास गेला तो गेलाच. हे त्यांनी घरात सांगितलं नव्हतं. एकदा आई तव्यावर भाकरी टाकून शेजारी गेली आणि बोलत बसली. परत आली तर घरभर धूर, भाकरीचा कोळसा, आणि आबा चुलीकडं पाठ करून निवांत सुतळी वळत बसलेले.

"आवं, त्ये नाक हाय का नुसतं भोक?" आई ओरडली. आम्ही भावंडं खदखदा हसलो. आबा हसले नाहीत. त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि मला कळलं.

वैशाखात जे व्हायचं ते झालं. कढई आंबली होती आणि आबा "चालू द्या" म्हणाले. सगळं सूत वाया गेलं. संध्याकाळी मालक स्वतः आमच्या घरी आले. माणूस भला, विणकर घरातला, घरात तेलुगू बोलणारा. चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "मामा, तुमाला मी काय बोलनार? पण नाक नाही तर खळ कसा बघनार, सांगा. खंडेनवमीला मशिनीची पूजा असते. तोपर्यंत मी थांबतो. मग खळीवर दुसरा माणूस. तुमी गठ्ठे बांधा की. पगार तोच."

पगार तोच म्हटल्यावर आईचा जीव भांड्यात पडला. आबा मात्र मालक गेल्यावर बराच वेळ उंबऱ्यात बसून राहिले. "गठ्ठं काय, कुनीबी बांधतंय," एवढंच म्हणाले.

मला त्याच सुमारास मेडिकल कॉलेजात कान-नाक-घसा विभागात नोकरी लागली होती. प्रयोगशाळेतली मदतनीस. तिथं एक तरुण डॉक्टर होते, शिकवायचेही आणि रुग्णही बघायचे. मी त्यांना सर म्हणायची, ते मला बाई म्हणायचे. आबांना मी त्यांच्याकडं नेलं. त्यांनी नाकात दिवा धरून पाहिलं आणि सांगितलं, "कापायची घाई नको. सूज उतरवणारं नवं औषध आलंय, नाकात फवारायचं." पिळायची प्लॅस्टिकची छोटी बाटली होती. पिळली की तोंडातून फुस्स करून तुषार सोडायची. कशी धरायची ते सरांनी दाखवलं, आबांनी मान डोलावली. महिना गेला. काही फरक नाही.

सर या औषधावर आधीच चिडलेले होते. "अर्ध्या लोकांना गुण येतो, अर्ध्यांना नाही. कंपनीवाले म्हणतात औषध चांगलं, लोक म्हणतात औषध खोटं. अहो बाई, पण ते नाकात जाऊन बसतं कुठं, हे कुणी पाहिलंय का?"

कुणी पाहणार? जिवंत माणसाच्या नाकात डोकावलं तर पहिल्या वळणापर्यंतच दिसतं. म्हणून सरांनी ठरवलं, नाकच तयार करायचं. खरंखुरं, पण आरपार दिसणारं.

डिसेक्शन हॉलवर एक चाचा होते, पोरांना चिरफाडीसाठी प्रेतं तयार करून देणारे. त्यांनी एका बेवारस माणसाचं डोकं, मधोमध कापलेला उजवा अर्धा भाग, ट्रेमध्ये झाकून आणून दिला. मी दोन पावलं मागं सरले. चाचा म्हणाले, "डरो नको बेटी. ये किसी को कुछ नहीं बोलते." खरंच, त्या चेहऱ्यावर राग-लोभ काहीच नव्हता. वाढलेल्या दाढीचे खुंट होते, भुवईत एक जुना व्रण होता. मी मनातल्या मनात नमस्कार केला आणि कामाला लागले.

काम असं होतं. त्या नाकाच्या पोकळीत पातळ केलेलं मेण रबरी नळीनं ओतायचं, गार होऊ द्यायचं, मग भोवतालचं मांस आणि हाड हळूहळू सोडवायचं. हातात येतं ते मेणाचं नाक नव्हे, नाकातली रिकामी जागा. पहिली दोन-तीन मेणं हाड सोडवायला लागताच तडकली, कारण आतल्या फटी कागदासारख्या पातळ; ती वितळवून काढून पुन्हा ओतली. मग सरांनी मेणात राळ मिसळायला लावली. तेव्हा कुठं एक अखंड निघालं.

ते निघालं ती वेळ मला लख्ख आठवते. सरांनी शेवटचा तुकडा चिमट्यानं उचलला आणि ते मेण माझ्या तळव्यावर ठेवलं. मी आतापर्यंत समजत होते की नाक म्हणजे दोन नळ्या. हे तर केळीच्या न उमललेल्या पानासारखं होतं, गुंडाळ्यांवर गुंडाळ्या. पुढच्या बाजूला एक अरुंद दार, इतकं अरुंद की तिथं मेणाची नुसती पट्टी होती. त्यामागे एकाखाली एक तीन वळलेल्या पडव्या. आणि सगळ्यात वर, छताला चिकटून, नखाएवढी एक चपटी फट.

"हे वरचं काय आहे, सर?"

"तिथं वास कळतो."

"एवढ्याशा जागेत?"

"एवढ्याशाच. खळ म्हणा, अत्तर म्हणा, पहिल्या पावसाची माती म्हणा, जळकी भाकरी म्हणा, सगळ्यांना याच फटीतून जावं लागतं."

जळक्या भाकरीचं मीच त्यांना सांगितलं होतं. पण त्या क्षणी मला हसू आलं नाही. माझ्या तळव्यावर ती नखाएवढी मेणाची पापडी होती, आणि आबांची सगळी अब्रू तेवढ्याशा जागेवर उभी होती.

पुढं त्या मेणावर दातांची कवळी करायला वापरतात तसल्या पारदर्शक द्रवाचे थरावर थर दिले. ते वाळून कडक झालं. मग गरम पाण्यात धरून आतलं मेण वितळवून काढलं. राहिलं एक काचेसारखं नाक. जी रिकामी जागा भरून घेतली होती ती पुन्हा रिकामी झाली, पण आता ती दिसत होती. मी खिडकीपाशी नेऊन उजेडाला धरलं तर आतून पडवीमागून पडवी उजळत गेली. सर म्हणाले, मेलेल्या माणसाची आतली कातडी आकसते, तेव्हा जिवंत नाकापेक्षा हे थोडं ऐसपैस असणार, हे लक्षात ठेवायला हवं. मी मान हलवली. पण ऐसपैस असो की अडचणीचं, एवढं बारीक घर कुणी बांधलं असेल, हाच विचार मनातून जाईना.

घरी यायची ती वेगळीच तऱ्हा. आई दारात बादली ठेवून वाट बघायची. प्रेतं टिकवायच्या औषधाचा वास माझ्या कपड्यांना, केसांना, हातांना यायचा. कितीही धुतला तरी जायचा नाही. "येवडं शिकून मड्याच्या नाकात बोटं घालाय लागली," आई म्हणायची. "आधी आंगूळ कर, मग भाकरीला हात लाव. कोन करंल गं हिला?" आणि आबा आतून म्हणायचे, "मला तर काय बी वास येत न्हाय बाबा. माझ्या शेजारी बस पोरी." स्वतःवरच विनोद करायचे. मग मी आबांच्या शेजारी बसून जेवायचे. त्या घरात माझ्या हातांचा वास न येणारं ते एकच नाक होतं.

नाक तयार झालं, पण फवारा बसतो कुठं ते कळेना. सरांनी बाटलीत शाई भरून फवारली. शाई क्षणात ओघळून सगळीकडं पसरली. थेंब पडला कुठं आणि वाहून गेला कुठं, काहीच पत्ता नाही. दोन दिवस सर वैतागून होते.

आता हे मी फुशारकीनं सांगते, कारण ते माझं आहे. कॉलेजात पहिल्याच वर्षी आम्हाला शिकवलं होतं की पिठूळ पदार्थावर आयोडीन पडलं की निळं-काळं होतं. बटाट्याच्या कापावर करून बघितलं होतं. आणि पिठूळ पदार्थ म्हणजे काय? माझ्या घरात रोज त्याचीच चर्चा. मी सरांना म्हटलं, "आतून खळीचा पातळ हात देऊ. वाळू देऊ. मग बाटलीत आयोडीनचं पाणी. जिथं थेंब पडेल तिथंच डाग उठेल, हलणार नाही."

सरांनी हातातली बाटली खाली ठेवली. "खळ कुठून आणणार?"

"घरून," मी म्हटलं.

आबांनी दुसऱ्या दिवशी डब्यातून ताजी खळ आणून दिली. "मड्याच्या नाकाला खळ? लुगडं इनायचं हाय का काय त्याचं?" म्हणाले, पण डबा लख्ख पुसून, फडक्यात बांधून दिला. मी ती पातळ करून नाकात ओतली, सगळीकडून फिरवली, नाक पालथं घालून निथळवलं आणि पंख्याखाली वाळवलं. आतून दुधासारखा पांढरा लेप बसला. सरांनी बाटली लावली आणि पिळली. फुस्स.

मी असलं काही आयुष्यात पाहिलं नव्हतं. पांढऱ्यावर निळे ठिपके उमलायला लागले. एक, मग दाटीनं, जसं रात्रीच्या आभाळात बघत राहिलं की चांदण्या वाढत जातात, तसे. आणि सगळे एकाच ठिकाणी, पुढच्या त्या अरुंद दाराशी. आतल्या पडव्या जवळजवळ कोऱ्या. औषध उंबऱ्यातच अडकत होतं. गुण न आलेल्या कितीतरी नाकांत हेच होत असणार, आणि ते डोळ्यांनी बघणारे आम्ही तिघंच. चाचा दारात उभे होते. तेही पुटपुटले, "सुभानल्ला."

सरांनी मग श्वासाची सोय केली. नाकाच्या मागच्या टोकाला, म्हणजे घशाच्या जागी, एक बाटली जोडली आणि तिला नळाच्या पाण्याच्या जोरावर हवा ओढणारी नळी लावली. नळ हळू सोडला तर शांत श्वास, जोरात सोडला तर जोराचा. हळू ओढीत, बाटलीचं तोंड मधल्या पडद्याकडं न धरता बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्याच्या रोखानं धरलं, तर निळे ठिपके दार ओलांडून मधल्या पडवीपर्यंत जायचे. मग सरांनी नळ पूर्ण सोडला. सुर्र असा आवाज झाला. आत डाग जेमतेम चार, आणि घशाच्या बाटलीत सगळं पिवळं पाणी.

तो आवाज मी ओळखला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा औषध घेत होते तेव्हा मी मुद्दाम समोर जाऊन बसले. आबांनी डाव्या अंगठ्यानं एक नाकपुडी दाबली, मान झटक्यानं मागं टाकली, बाटली पिळली आणि सुर्र करून असं ओढलं की गळ्याच्या शिरा उठल्या. मग खाकरले, आणि समाधानानं डोळे पुसले. तपकीर सुटली होती, पण ओढ तीच होती. त्यांचा हात, त्यांची मान, त्यांचा श्वास, सगळं अजून तपकीरच ओढत होतं.

"आबा, तुमी औषध नाकात घेताय का घशात?"

"म्हंजी?"

"सगळं गिळताय तुमी. नाकाला काय मिळतच न्हाय."

"आगं, जोर लावल्याबिगर आत कसं जाईल? तपकीर काय आपल्या पायानं जाती व्हय?"

"ही तपकीर न्हाय आबा. हिला हळूच आत घ्यायचं. फुलाचा वास घेतल्यागत."

आबा बाटली हातात फिरवत राहिले. "फुलाचा वास," ते म्हणाले. "इसरलो की गं त्यो कसा घ्यायचा."

त्या दिवसापासून मी रोज सकाळी समोर बसून त्यांना औषध घ्यायला लावलं. मान जरा खाली, बाटली बाहेरच्या बाजूला, ओढ हळू. सवय मोडता मोडेना. मध्येच सुर्र व्हायचं आणि आई चुलीजवळून म्हणायची, "झालं, गेलं पोटात." पण श्रावण लागता लागता आबांचं नाक मोकळं झालं. तोंड उघडं टाकून झोपायचे, ते तोंड मिटून झोपायला लागले. श्वास येत होता, जात होता. वास मात्र नव्हता. रोज कारखान्यात पळी नाकाशी न्यायचे आणि शेजारच्या गड्याच्या तोंडाकडं बघायचे. खंडेनवमी जवळ येत होती.

मी पुन्हा पुन्हा त्या पारदर्शक नाकाकडं बघायचे. फवारा कसाही मारा, बाटली कशीही धरा, छताची ती नखाएवढी फट कोरीच राहायची. पांढरीशुभ्र. जणू तिथं जायला वाटच नव्हती.

आणि मग एक दिवस मला एक गोष्ट दिसली, जी इतके दिवस समोर असून दिसली नव्हती. खळीचा लेप सगळ्यात जाड बसायचा तो त्याच फटीत. मी दर वेळी ती टोकरून साफ करायचे आणि कंटाळायचे. पण खळ तिथंच का साचते? कारण निथळायला म्हणून मी नाक पालथं घालते. भांडं घासून पालथं घालावं तसं. पालथ्या नाकाचं छत म्हणजे तळ!

मी सरांना सांगितलं. सरांनी नाक हातात घेऊन उलटं केलं. मग म्हणाले, "बाई, बाटली आणा."

आम्ही नाक उलटं टांगलं, नाकपुडी वर. बाटलीही उलटी धरली. उलट्या बाटलीतून फवारा येत नाही, थेंब पडतात. एक थेंब आत गेला, भिंतीवरून सावकाश सरकला, निळी रेघ मागं सोडत, आणि जाऊन त्या फटीत थांबला. पांढरी फट कडेपासून निळी होत गेली. पूर्ण.

चाचांनी मान वाकडी करून त्या उलट्या नाकाकडं पाहिलं. "साब, ये नाक नमाज पढ रही क्या?"

सर मोठ्यांदा हसले. मग हसता हसता थांबले, आणि स्वतःच जमिनीवर गुडघे टेकून, कपाळ फरशीला लावून बसून बघितलं. पांढरा कोट, पाय दुमडलेले, डॉक्टर साष्टांगाच्या बेतात. तिथून वर न बघताच म्हणाले, "बरोबर आहे. असं बसलं की छत खाली येतं. उद्या तुमच्या वडिलांना घेऊन या."

आबा आले ते धुवट धोतर नेसून. सरांनी त्यांना सगळं दाखवलं, उलटा थेंब, निळी फट. आबांनी हात मागं बांधून बघितलं, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. मला वाटलं ते आता स्वतःच्या नाकाबद्दल विचारतील.

"कुनाचं हाय हे?" त्यांनी विचारलं.

"एका माणसाचं, आबा. त्याच्या नाकाचा साचा हाय."

"त्ये कळलं. नाव काय त्याचं?"

सर म्हणाले, "नाव माहीत नाही, मामा. बेवारस होता. स्टेशनवर सापडला होता."

"बेवारस कसा?" आबा म्हणाले. "आमी हाय की आता." आणि त्यांनी टोपी काढून त्या काचेसारख्या नाकाला वाकून नमस्कार केला. चाचांनी मान खाली घातली. सरांनी चष्मा काढून पुसला.

त्या दिवसापासून आमच्या घरी सकाळ-संध्याकाळ एक सोहळा व्हायला लागला. आबा घोंगडीवर गुडघे टेकायचे, कपाळ जमिनीला लावायचे, आणि मी नाकपुड्यांत थेंब सोडायचे. तसंच थोडा वेळ राहायचं असायचं. आईला तो प्रकार बघवायचा नाही आणि बघितल्याशिवाय राहवायचंही नाही. "माझ्या म्होरं कदी एवडं वाकला न्हाईत," ती म्हणायची. तिथूनच, जमिनीला कपाळ लावलेल्या आबांचा आवाज यायचा, "तुझ्याकडं औषध हाय का?"

पोळा झाला. गणपती आले, गेले. काही नाही. मी आबांना विचारायचं सोडून दिलं. विचारलं की ते "येतंय वाटतं जरा जरा" म्हणायचे, आणि ते खोटं आहे हे आम्हा दोघांनाही कळायचं.

एका संध्याकाळी कॉलेजातून यायला मला उशीर झाला. आई शेजारी गेली होती, बादली भरलेली नव्हती, आणि मला सपाटून भूक लागली होती. म्हटलं, कोण बघतंय. हात नुसते पाण्याखाली धरले आणि आबांच्या शेजारी ताट घेऊन बसले. शेंगाची चटणी वाढून घ्यायला त्यांच्या पुढून हात नेला. आबांनी मान मागं घेतली. कपाळाला आठी घातली.

"आंगूळ केली न्हाईस व्हय गं?"

मी हात तसाच धरून राहिले. मग त्यांनी माझं मनगट धरलं, हात नाकाशी नेला, आणि डोळे मिटून हळूच आत श्वास घेतला. फुलाचा घ्यावा तसा.

"लई घान वास हाय," आबा म्हणाले, आणि हात पुन्हा नाकाशी नेला. "लई घान हाय पोरी." माझा हात काही सोडेनात.

प्रेताच्या औषधाचा तो वास. आई जो दारातून आत येऊ देत नव्हती, तो पहिला आला. मी आबांच्या चेहऱ्याकडं बघत होते आणि खरं सांगते, त्यांचं नाक मला आरपार दिसत होतं. अरुंद दार, तीन पडव्या, आणि वर छताशी नखाएवढी फट, पांढऱ्याची निळी होत जाणारी. सगळ्या माणसांच्या तोंडावर हे घर असतं, आणि आपण त्यावर माशी बसली की हाकलण्यापलीकडं त्याची दखल घेत नाही.

खळ कळायला आणखी थोडे दिवस गेले. एका दुपारी मालक स्वतः कढईपाशी येऊन उभे राहिले. आबांनी पळी उचलली, डोळे मिटले, आणि म्हणाले, "वता भाईर." शेजारचा गडी म्हणाला, चांगली तर आहे. मालकांनी बोट बुडवून जिभेला लावलं. चेहरा आंबट झाला. "ओता," म्हणाले, आणि जाता जाता, "मामा, खंडेनवमीला पूजेला तुमीच बसा." हे आबांनी घरी येऊन सांगितलं ते तीन वेळा सांगितलं, आणि आईनं तिन्ही वेळा पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकलं.

खंडेनवमीच्या आधी सर्वपित्री आली. आमच्याकडं त्या दिवशी गेलेल्या सगळ्यांसाठी पान ठेवतात. आबा आईला म्हणाले, "एक पान जास्तीचं वाढ."

"कुनाला?"

"त्याला. स्टेशनावरच्याला."

आईनं कमरेवर हात ठेवले. मला वाटलं आता तोंडाचा पट्टा सुटणार. पण ती एवढंच म्हणाली, "त्याला काय आवडत हुतं, कुनाला ठावं? तुमच्या लेकीला इचारा. तिची वळख हाय."

मलाही ठाऊक नव्हतं. त्याच्या नाकातली कागदाएवढी फटसुद्धा मी पाठ केली होती, आणि तो काय खायचा ते ठाऊक नव्हतं.

आबांनी विचार केला. "येसराची आमटी कर," म्हणाले. येसर म्हणजे आमच्याकडचं भाजलेल्या डाळी-मसाल्याचं पीठ. "वासाची कर. फोडनी अशी दे, की त्याला जितं आसंल तितं कळाय पायजे."

आईनं मोहरी टाकली, हिंग टाकला, आणि वाळल्या मिरच्या मूठभर टाकल्या. मिरचीचा असा खाट उठला की आम्ही सगळी भावंडं खोकत, डोळे चोळत अंगणात पळालो. मागून पदर तोंडाला लावून आईही आली. शेजारीण ओरडली, "काय जाळताय गं?"

आबा तेवढे आत राहिले. दारातून दिसत होते, धुरात उभे, डोळ्यांतून पाणी वाहतंय, आणि मान जराशी खाली करून हळूहळू श्वास घेतायत.

"आवं, भाईर या की!" आई म्हणाली.

"थांब," आबा आतून म्हणाले. "त्याचं आजून व्हायचं हाय."